सुट्टीत शिक्षक काय करतात?

एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला शाळेला कुलूप लागते आणि त्याच संध्याकाळी गावच्या स्टँडवर कोणी ना कोणी आम्हाला गाठतोच. "काय सर, सुट्टी पडली. आता दीड महिना मज्जा हाय तुमची!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. आम्हीही "होय की" म्हणतो आणि पुढे जातो. पण मागच्या पालक सभेत हाच प्रश्न चेष्टेविना विचारला गेला आणि नंतर एका संचालकांनीही तो सरळ विचारला. शिक्षक सुट्टीत नेमके काय करतात? विचारणे रास्तच आहे. पगार बारा महिन्यांचा आणि शाळा साडेदहा महिन्यांची, असे ज्याला दिसते तो विचारणारच. म्हणून या अंकात त्याचे उत्तर लिहायचे ठरवले.

आधी दिवसांचा हिशेब सांगतो. कर्नाटकात २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी उन्हाळी सुट्टी ११ एप्रिल ते २८ मे अशी होती, म्हणजे ४८ दिवस. या सुट्टीमुळेच शिक्षकांना इतर सरकारी नोकरांच्या मानाने अर्जित रजा फार कमी मिळते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आमच्यापैकी काहीजण बेळगावहून जाऊन येऊन करतात. त्यांची सुट्टी वेगळी, शहरातली. ती त्यांनी लिहावी. आम्ही काहीजण मात्र इथेच, खानापूर तालुक्याच्या या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या रानाजवळ राहतो. आमची घरे इथे, शेतीचा तुकडा इथे, आणि शाळेत येणारी मुले शेजारच्याच गल्लीतली. सुट्टी लागली म्हणून आम्ही कुठे जात नाही. आणि कुठे जात नाही म्हणूनच बहुतेक कामे आमच्या दारात येऊन उभी राहतात.

पहिले काम दहावीच्या पेपरांचे. परीक्षा संपली की एप्रिलच्या मध्याला पेपर तपासणी सुरू होते. मराठी माध्यमाचे पेपर तपासणारे शिक्षक मुळात थोडे, त्यामुळे कोणाला "मला जमणार नाही" म्हणायची सोय नसते. पहाटेची गाडी पकडून खानापूर, तिथून सव्वीस किलोमीटर बेळगाव, दिवसभर पंख्याखाली लाल पेन, आणि दिवेलागणीला घरी. प्रथम भाषा १२५ गुणांची, त्यांतले १०० लेखी. इतर विषयांना ८० लेखी आणि २० शाळेकडचे. मुलांना वाटते की पेपर तपासणारा माणूस चुका शोधत बसलेला असतो. खरे म्हणजे तो गुण कुठे देता येतील ते शोधत असतो. चार ओळींचे उत्तर नीट लिहिले असेल तर डोळ्यांना बरे वाटते, आणि पानभर पाल्हाळ असेल तर त्यात उत्तराची एक ओळ हुडकावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरे काम सरकारचे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. अपवाद जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा. ऐकायला हे अपवाद छोटे वाटतात. पण आपल्या राज्यात निवडणुका येतात त्या नेमक्या उन्हाळ्यात. विधानसभेचे मतदान ५ मे २०१३, १२ मे २०१८ आणि १० मे २०२३ रोजी झाले. आपल्या भागात लोकसभेचे मतदान १७ एप्रिल २०१४, २३ एप्रिल २०१९ आणि ७ मे २०२४ रोजी झाले. सहाही तारखा सुट्टीतल्या. प्रशिक्षण दोन वेळा, आदल्या दिवशी यंत्रे ताब्यात घेऊन कुठल्या तरी अनोळखी गावच्या शाळेत मुक्काम, पहाटे चाचणी मतदान, संध्याकाळी यंत्रे बंद करून पुन्हा तालुक्याला, आणि पावती हातात पडेतो मध्यरात्र. निवडणूक नसेल त्या वर्षी सर्वेक्षण निघते. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण झाले, तेव्हा जाडजूड फॉर्म घेऊन घरोघर फिरणारे बहुतेक शिक्षकच होते. मे २०२५ मध्ये अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणासाठी माहिती गोळा झाली, तीही शिक्षकांकडून, यावेळी मोबाईलवर. रेंज नसलेल्या वाडीत मोबाईलवर सर्वेक्षण कसे करतात, हे आम्ही झाडावर चढून शिकलो. तक्रार नाही. ही देशाची कामे आहेत आणि ती कोणी तरी करायचीच. पण २०१५ च्या त्या उन्हाळ्याबद्दल आमच्या मनात एक सल आहे. तो पुढे सांगतो.

कारण आता जे सांगायचे आहे ते या लेखातले मुख्य काम आहे.

आपल्या भागातले मूल मराठी शिकते ते दोन तुकड्यांत. पहिली ते सातवी गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, आणि आठवी ते दहावी आपल्यासारख्या हायस्कुलात. शहरात एकाच आवारात बालवाडीपासून दहावीपर्यंतच्या शाळा असतात. तिथे मूल सातवीतून आठवीत जाते म्हणजे एका वर्गातून शेजारच्या वर्गात जाते. इथे ते एका गावातून दुसऱ्या गावात जाते. सातवीचा निकाल एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास लागतो, गुरुजी हातात दाखला देतात, आणि त्या दिवशी ते मूल कुठल्याच शाळेचे राहत नाही. प्राथमिक शाळेच्या हजेरीतून त्याचे नाव गेलेले असते आणि आमच्या हजेरीत ते अजून आलेले नसते. मध्ये ४८ दिवस असतात. वय तेरा. आपल्याकडे शाळा सुटते ती बहुतेक वेळा या ४८ दिवसांत. मूल नापास होऊन शाळा सोडते असा समज आहे. आमचा अनुभव तसा नाही. बरीचशी मुले चांगली पास होऊन, दाखला घरात कपाटावर ठेवून शाळा सोडतात. कोणी ठरवून सोडत नाही. दिवस निघून जातात आणि मग जून येतो.

दिवस कसे निघून जातात ते पाहा. एप्रिल-मे हा काजूचा हंगाम. पहाटे बोंडू पडलेले असतात, ते ऊन चढायच्या आत वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, अंगणात वाळवायची. घरातली सगळी माणसे लागतात, त्यात तेरा वर्षांचे मूल चांगलेच उपयोगी पडते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामावर ठेवू देत नाही. घरच्या कामात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करायला मात्र मुभा देतो. ती मुभा योग्यच आहे. आम्हीही लहानपणी काजू वेचले आहेत आणि त्या पैशांतून वह्या घेतल्या आहेत. अडचण होते ती हंगाम संपल्यावर. काजू संपतो, पैशाची सवय राहते. मग चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी गाडी दिसू लागते. मामा तिकडे हॉटेलात असतो, चुलता बेकरीत असतो. "सुट्टीपुरता जाऊ दे, चार पैसे आणील" असे म्हणून मुलगा जातो. जून उजाडतो, मालक म्हणतो, गणपतीपर्यंत थांब. गणपतीला मुलगा नवा शर्ट घालून गावी येतो आणि वर्गातली मुले त्याच्याकडे जरा आदरानेच बघतात.

मुलींचे वेगळे. त्यांना कोणी गोव्याला धाडत नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न वाटेचा असतो. वाडीपासून शाळा पाच-सहा किलोमीटर, मध्ये रान, पावसाळ्यात ओढा. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या वाड्यांत तर अस्वलाची भीती खरी आहे, कोणी कल्पनेने सांगत नाही. २००६-०७ पासून काही वर्षे सरकारकडून आठवीच्या मुलामुलींना सायकली मिळत असत. त्या सायकलींनी आपल्या शाळेत किती मुली आणल्या हे जुन्या हजेऱ्या चाळल्या तर दिसते. कोरोनाच्या काळात ते वाटप थांबले. ११ जून २०२३ पासून बायकांना व मुलींना सरकारी बस फुकट झाली, ती मोठीच सोय. पण जिथे बस येते तिथे. फाट्यापर्यंत बस आणि फाट्यापासून वाडीपर्यंत रान, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथली आई म्हणते, "धा वाजता जाऊ दे वो सर, पण सांजचं सहा वाजता येणार, आणि पावसात अंधार किती लवकर पडतोय!" या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही.

म्हणून आम्ही फिरतो. शेजारपाजारच्या प्राथमिक शाळांतल्या गुरुजींकडून सातवी पास झालेल्या मुलांची यादी घ्यायची आणि घरोघर जायचे, एवढेच ते काम. सांगायला एका ओळीचे आहे. करायला गेले की त्याचे शास्त्र कळते. दुपारी गेलात तर घरात कोणी भेटत नाही, म्हाताऱ्या आजीला निरोप सांगून यावे लागते आणि आजी तो वेगळाच पोचवते. सकाळी लवकर काजूच्या बागेत जावे. तिथे आई, बाप, मूल तिघेही एकदम भेटतात. उभ्याने बोलू नये, दोन बोंडू आपणही पिळावेत, हात चिकट झाले की बोलणे मोकळे होते. एकट्या बापाशी ठरवून उपयोग नाही आणि एकट्या आईशी तर मुळीच नाही. ज्या घरात लग्न निघाले असेल तिथे लग्न होईतो जाऊच नये, आणि गेलात तर आहेराची यादी लिहायला बसावे लागेल. खेडेगावात शिक्षकाचे अक्षर ही सार्वजनिक मालमत्ता असते. मे महिन्यात आमच्यातल्या एका बाईंनी किती लग्नांच्या पत्रिकांचे मजकूर तपासले याची मोजदाद नाही.

घरात काय विचारले जाते तेही सांगतो, कारण पालकांनी ते आम्हाला तोंडावर विचारले आहे आणि इथे लपवण्यात अर्थ नाही. पहिला प्रश्न: "सर, मराठी शिकून पुढं काय?" दुसरा: "कन्नड नाही आलं तर सरकारी हापिसात कोण विचारतंय?" तिसरा प्रश्न बहुधा विचारला जात नाही, तो दारासमोर उभा राहणाऱ्या पिवळ्या गाडीच्या रूपाने दिसतो, ती गाडी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे स्वच्छ आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड हा विषय दहावीपर्यंत असतोच, त्याचा पेपर द्यावाच लागतो, आणि तो आम्ही मन लावून शिकवतो. खानापूरच्या बाजारात, बँकेत, नाडकचेरीत आपल्या मुलांना कन्नड लागणार, हे नाकारणारा शिक्षक मुलाचे नुकसान करील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेवढे सोपे नाही. आम्ही इतकेच सांगतो की सातव्या वर्षापासून ज्या भाषेत त्याने गणित आणि विज्ञान समजून घेतले ती तेराव्या वर्षी मध्येच बदलली, तर पुढची दोन वर्षे तो विषय शिकत नाही, शब्द पाठ करतो. काहींना पटते, काहींना नाही. गाडी बघून ज्यांचे मन ठरले आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. मूल कुठल्या का शाळेत, पण आठवीत बसले पाहिजे. आमच्या यादीवर अशा नावापुढेही आम्ही बरोबरची खूण करतो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. या फिरण्यात आमचा स्वार्थही आहे. आपले हायस्कूल अनुदानित आहे; आठवीचा पट घसरला की आधी तुकडी जाते, मग शिक्षकाचे पद जाते, आणि मग उरलेल्यांवर जास्त विषय येतात. मराठी शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरायला किती वर्षे लागतात ते संचालक मंडळाला आम्ही सांगायला नको. तेव्हा कोणी म्हणाले की, तुम्ही आपल्या नोकरीसाठी फिरता, तर आम्ही म्हणतो, होय, त्यासाठीही फिरतो.

आता २०१५ ची गोष्ट. त्या वर्षी आम्हा सगळ्यांना सर्वेक्षणाचे विभाग नेमून दिले होते आणि एकालाही आपल्या बाजूच्या वाड्या मिळाल्या नव्हत्या. दीड महिना दुसऱ्यांच्या गावांत घरे मोजत फिरलो. आपल्या यादीचे काय, हा विचार मनात येत होता, पण 'जूनमध्ये बघू' असे म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका वाडीवर गेलो. तिथला एक मुलगा सातवीत वर्गात पहिला होता. त्याच्या गुरुजींनी त्याच्या नावाखाली रेघ मारून यादी दिली होती. आई म्हणाली, "त्यो गोव्याला गेला की वो सर, एप्रिलातच. तुम्ही कोण आलाच न्हाईसा." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, ती फक्त झालेले सांगत होती. पण 'तुम्ही कोण आलाच न्हाईसा' हे शब्द आमच्यातला जो तिथे गेला होता त्याने शिक्षकांच्या खोलीत येऊन तसेच्या तसे सांगितले आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. सर्वेक्षण सरकारचे होते हे खरे. पण एखाद्या रविवारी तिथे जाऊन येता आले असते हेही खरे. आम्ही गेलो नाही.

तो मुलगा आता पंचविशीच्या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी तो शाळेत आला. गोव्यातल्या ओळखीने त्याला आखातात हॉटेलचे काम मिळण्यासारखे होते, पण दहावी पास नसल्यामुळे पासपोर्टवर इसीआर लागतो, आणि तसा पासपोर्ट असला की आखातात नोकरीला जाताना सरकारी परवानगीची वेगळी खटपट करावी लागते. "सर, आता दहावीला बसता येतंय काय?" असे त्याने विचारले. येते. आपल्या राज्यात खासगी उमेदवार म्हणून बसता येते. ज्या मुलाला आम्ही एक दिवसही शिकवले नव्हते त्याचा फॉर्म आम्ही भरला. मे महिन्यात तो पंधरा दिवस रजा काढून गावी राहिला आणि रोज सकाळी आमच्यातल्या गणिताच्या सरांच्या पडवीत येऊन बसला. भाषेचे पेपर निघाले. गणित अजून राहिले आहे.

या पडवीतल्या वर्गाविषयीही थोडे सांगतो, कारण तो आता सुट्टीचा नेहमीचा भाग झाला आहे. २०२४ व २०२५ साली दहावीच्या वर्षाला तीन परीक्षा होत्या. पहिलीत राहिलेल्याला दुसरी आणि तिसरी देता येत असे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण तारखा बघा. २०२५ साली निकाल लागला २ मे रोजी आणि दुसरी परीक्षा सुरू झाली २६ मे रोजी. मध्ये फक्त चोवीस दिवस, तेही सुट्टीतले. शहरात राहिलेल्या मुलाला क्लास मिळतो. इथे त्याला आमच्याशिवाय कोणी नाही. निकालाच्या दिवशी दुपारी आम्ही नेटवर निकाल पाहतो, पास झालेल्यांचे पेढे खातो, आणि संध्याकाळी न आलेल्या मुलांच्या घरी जातो. नापास झालेले मूल पेढे घेऊन येत नाही आणि निकाल विचारायलाही येत नाही, त्याच्याकडे आपणच जावे लागते. त्या दिवशी अभ्यासाचा विषय काढायचा नाही, एवढा नियम आम्ही पाळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पडवीत ये, इतकेच सांगायचे. बहुतेक येतात.

बाकीची कामे भराभर सांगून टाकतो. शाळेची कौले दर मे महिन्यात परतावी लागतात. वानरांच्या उड्यांनी फुटलेली कौले आत्ता दिसत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात जनरल रजिस्टरवर थेंब पडला की दिसतात. ते रजिस्टर भिजले तर गावातल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा जातील. मे महिन्यात पुण्या-गोव्याकडची माणसे गावी येतात आणि त्यांना नेमका तेव्हाच शाळेचा जुना दाखला हवा असतो, त्यामुळे क्लार्क आणि शिपाई यांना सुट्टी म्हणजे नावालाच. नव्या मुलांच्या जात-उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी नाडकचेरीत खेपा असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे त्यावर अडतात. आवारातल्या रोपांना पाणी घालायची पाळी मुलांनी वाटून घेतली होती. मुळाशी मडके पुरून त्याच्या बुडाच्या बारीक भोकातून पाणी झिरपू द्यायचे, म्हणजे आठवड्यातून दोनदा मडके भरले की काम होते. नववीच्या मुलींनी आपली पाळी एकदाही चुकवली नाही. नववीच्या मुलांविषयी इथे लिहीत नाही. त्यांच्या वाट्याची तीन जांभळाची रोपे काय ते बोलतील.

आणि आम्ही विश्रांती घेतो की नाही? घेतो, अगदी मनापासून. दुपारी जेवून पडवीत पडतो. फणस कापायला घेतला की अर्धा गाव गोळा होतो. करवंदे संपत आली की जांभळे येतात. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मे महिन्यात डबक्याडबक्यांतून उरते, त्यातल्या एखाद्या खोल डोहावर पोरांबरोबर पोहायला जातो. वर्गात तोंड न उघडणारी पोरे तिथे आम्हाला पोहायला शिकवतात. ज्यांची शेती आहे त्यांना मात्र वळवाचे दोन पाऊस झाले की उसंत नसते. शेणखत ओढून झालेले असते, मग मेच्या उत्तरार्धात कुरीने भाताची धूळवाफ पेरणी. जमीन कोरडी असतानाच बी टाकायचे आणि पुढे पावसावर हवाला ठेवायचा. शाळा सुरू व्हायच्या दिवसांतच ही पेरणी येते आणि पहिल्या आठवड्यात मुले गैरहजर का राहतात, हे आम्हाला हजेरीपट न बघताही कळते. आमच्याही अंगाला तीच धूळ असते. गावात राहणाऱ्या शिक्षकाला हा फायदा आहे की पालकाने सांगितलेले कारण खरे की खोटे हे त्याला बांधावरूनच दिसते.

संचालक मंडळाला या निमित्ताने दोन गोष्टी सांगायच्या आहेत. यादीवरच्या घरांची पहिली फेरी एप्रिलच्या अखेरीपर्यंत व्हावी, आणि ज्या वर्षी आम्हाला निवडणुकीचे किंवा सर्वेक्षणाचे काम लागेल त्या वर्षी ती फेरी माजी विद्यार्थी व संचालक यांनी उचलावी. २०२७ च्या जनगणनेचे घरयादीचे कामही एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असेच उन्हाळा धरून ठरलेले होते. पुढेही असे होणारच. दुसरी गोष्ट फाट्यापासून आतल्या वाड्यांतल्या मुलींची. जून ते सप्टेंबर चार महिने संध्याकाळी एक ट्रॅक्स ठरवली तर तिचे भाडे किती होईल याचा अंदाज काढून आम्ही मुख्याध्यापकांकडे दिला आहे. रक्कम मोठी आहे. ती कशी उभी करायची हे मंडळाने आणि पालकांनी मिळून बघावे. आम्ही शिक्षकांनी आमचा वाटा लिहून कळवला आहे.

हा मजकूर लिहितो आहोत तेव्हा सुट्टीचे दोन दिवस उरले आहेत. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे खानापूरहून आले, मोजून कपाटात लावले. आठवीच्या विज्ञानाची काही पुस्तके कमी पडली, ती पुढच्या खेपेला येतील. कौले परतून झाली. काल वळीव चांगला बरसला आणि कार्यालयात एकाच ठिकाणी गळले, तिथे बादली ठेवली आहे. आठवीच्या यादीवर दोन नावांपुढे अजून खूण नाही. एक मुलगा मामाकडे गोव्याला गेला आहे, मामाचा नंबर मिळाला असून आज रात्री त्याला फोन करायचा आहे. दुसरी मुलगी ओढ्यापलीकडच्या वाडीतली. तिची आई काजूच्या शेवटच्या वेचणीला पहाटेच निघते, म्हणून आम्ही दोघेजण उद्या साडेपाचला गाडी काढणार आहोत.